राज्य परिवहनाचे नेतृत्व : खाते, महामंडळ व मंत्री (गोरेगाव परिसराच्या संदर्भात)

सार्वजनिक संस्थेचा इतिहास लिहिताना तिच्या प्रमुखांची नामावली देण्याचा प्रघात आहे. अशा नामावलीतून एक महत्त्वाची गोष्ट निसटते : खुर्ची एकच असली, तरी खुर्चीचा अर्थ तोच राहतो असे नाही. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव व त्याच्या आसपासचा मुलूख घेतला, तर गाडी चालविणारी सत्ता गेल्या शतकात अनेकदा बदलली. त्या सत्तेच्या शिखरावर कोण होते, यापेक्षा ते कोणत्या नात्याने तेथे होते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

हिंगोलीचा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. पूर्णेहून हिंगोलीस येणारा लोहमार्ग पहिल्या महायुद्धापूर्वीच झाला होता. संस्थानाने १९३० मध्ये खाजगी कंपनीकडून रेल्वे आपल्या ताब्यात घेतली व दोनच वर्षांनी, जून १९३२ मध्ये, त्या रेल्वेचीच शाखा म्हणून मोटार वाहतुकीचे खाते उघडले. आरंभी या खात्यापाशी २७ गाड्या व १६६ नोकर होते. हेतू केवळ लोकसेवेचा नव्हता. खाजगी मोटारी रेल्वेचे उतारू पळवीत आहेत, ही त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातही सर्वत्र ऐकू येणारी तक्रार होती. रेल्वेनेच मोटारी चालवाव्यात, हा हैदराबादचा त्यावरील तोडगा होय. या व्यवस्थेत मोटारखात्याला स्वतंत्र नेता असा नव्हताच. रेल्वेचा व्यवस्थापक हाच त्याचाही धनी. गावात गाडी यावी की न यावी, याचा निर्णय लोहमार्गाचे हित पाहून होत असे.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. नोव्हेंबर १९५१ मध्ये निजामाची रेल्वे केंद्र सरकारच्या मध्य रेल्वेत समाविष्ट झाली आणि त्याच सुमारास मोटारखाते तिच्यापासून तोडून हैदराबाद राज्य सरकारकडे सोपविण्यात आले. रेल्वे केंद्राकडे गेली, रस्ते राज्याकडे राहिले. मोटारखात्याचा प्रमुख आता रेल्वेचा हस्तक न राहता राज्य शासनाचा अधिकारी झाला. हे पहिले स्वरूपांतर.

इकडे मुंबई इलाख्यात निराळा प्रयोग चालू होता. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी गाडी धावली आणि पुढील वर्षाच्या अखेरीस ही वाहतूक महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आली. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाने या रचनेस देशव्यापी पाया मिळाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. तथापि परिवहनाचे एकीकरण तत्काळ झाले नाही. मराठवाडा व विदर्भ येथील परिवहनसेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात एकरूप होण्यास १९६१ साल उजाडले. अशा रीतीने या प्रदेशाच्या गाडीवरील अंतिम अधिकार प्रथम हैदराबादेहून व नंतर खात्याकडून निघून मुंबईतील महामंडळाच्या अध्यक्षाकडे गेला.

येथे अधिनियमातील दोन कलमे शेजारी ठेवून वाचणे अगत्याचे आहे. कलम २२ सांगते की, महामंडळाने आपला कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा. कलम ३४ राज्य सरकारला महामंडळास निदेश देण्याचा अधिकार देते. पहिल्याचा रोख जमाखर्चाकडे, दुसऱ्याचा शासनाच्या धोरणाकडे. गोरेगावसारख्या गावाच्या वाट्याला येणारी फेरी या दोहोंच्या ताणातूनच जन्मते. कारण ती हिशेबात बसेलच असे नाही आणि बंद केली तर शाळा, बाजार व दवाखाना दूर जातो. सरकारचा निदेश ऐकणारा आणि प्रसंगी त्याची भरपाई सरकारपाशी मागणारा असा मधला माणूस, म्हणजे महामंडळाचा अध्यक्ष, ही या कायद्याची कल्पना होय.

कल्पनेप्रमाणे काही काळ अध्यक्षपद मंत्रिपदाहून वेगळे राहिले. पंढरपूरचे सुधाकरपंत परिचारक व नंतर मराठवाड्यातील जीवनराव गोरे हे मंत्री नसलेले अध्यक्ष होत. ही नेमणूक राजकीयच असे. परंतु अध्यक्ष व मंत्री या दोन व्यक्ती असत. २०१४ नंतर परिवहन मंत्री दिवाकर रावते आणि त्यांच्यामागून अनिल परब यांच्याकडे दोन्ही पदे एकवटली. २०२२ नंतर तर मुख्यमंत्री एकनाथ शिंदे हेच अध्यक्ष होते. सप्टेंबर २०२४ मध्ये आमदार भरत गोगावले, २०२५ च्या आरंभी सनदी अधिकारी संजय सेठी व त्याच वर्षी परिवहन मंत्री प्रताप सरनाईक अशा नेमणुका झाल्या. आमदार, अधिकारी व मंत्री असे तीन प्रकारचे अध्यक्ष इतक्या अल्प अवधीत व्हावेत, यावरूनच या पदाचे स्वरूप किती अनिश्चित आहे हे कळून येते.

मंत्रीच अध्यक्ष झाला की निदेश देणारा व निदेश घेणारा एकच होतो. याचा लाभ नाही असे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढील नागरिकांस विनामूल्य व मार्च २०२३ मध्ये स्त्रियांस अर्ध्या भाड्यात प्रवास देण्याचे निर्णय मुख्यमंत्रीच अध्यक्ष असलेल्या काळातले आहेत. परंतु सवलतीची भरपाई वेळेवर मिळाली नाही, तर शासनाकडे तगादा लावणारा मधला माणूस उरत नाही. २०२१-२२ च्या दीर्घ संपात हा पेच उघड झाला. महामंडळ शासनात विलीन करावे, ही कर्मचाऱ्यांची मागणी होती. त्यांच्याशी बोलणी करणारे परब मालकही होते व शासनही. त्रिसदस्य समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अभिप्राय दिला आणि एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कामगार कामावर परतले. कर्मचारी जे मागत होते ते ऐतिहासिक दृष्ट्या नवे नव्हते. १९५१ ते १९६१ या दशकात मराठवाड्याच्या परिवहनाचे जे खातेस्वरूप होते, तेच ते.

भाषेचा पुरावा येथे बोलका आहे. 'महामंडळ' हा शब्द कचेरीत राहिला. लोकांच्या तोंडी रुळली ती 'एसटी'. 'स्टेट ट्रान्सपोर्ट' या १९४८ च्या सरकारी नावाची आद्याक्षरे मराठीत स्त्रीलिंगी नाम बनली. ती येते, चुकते, भरते, बंद पडते. त्या नावात महामंडळ नाही, 'स्टेट' मात्र आहे. कायद्याने दिलेली स्वायत्तता लोकभाषेने कधी मान्यच केली नाही. गाडी आली नाही तर गावकरी सरकारला बोल लावतो, अध्यक्षाला नव्हे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. राज्य परिवहनाचे हिंगोली आगार मात्र परभणी विभागाखालीच राहिले. जिल्हाधिकाऱ्याची कचेरी जवळ आली, एसटीची विभागीय कचेरी होती तेथेच राहिली. तात्पर्य, या संस्थेच्या नेतृत्वाचा इतिहास हा माणसांच्या कर्तृत्वाचा जितका, तितकाच उत्तरदायित्वाच्या स्थलांतराचा आहे. रेल्वेचा व्यवस्थापक रेल्वेला जबाबदार होता, खात्याचा अधिकारी शासनाला. अध्यक्षाने शासन व उतारू या दोघांमध्ये उभे राहावे अशी अपेक्षा होती. ती जागा मंत्र्याने भरली की ती रिकामी राहिल्यासारखीच होते, आणि त्या रिकामपणाची झळ प्रथम लागते ती शेवटच्या थांब्याला.