निर्यातबंदीची भाषा आणि गोंदियाचे धान

१८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने वैनगंगेच्या खोऱ्यातील धान दूरच्या बाजारपेठांशी जोडले. परदेशी व्यापाराविषयीचे दिल्लीतील निर्णय गोंदियाच्या बांधापर्यंत पोहोचतात, ते याच जोडणीमुळे.

सप्टेंबर २०२२ मध्ये कणीची निर्यात थांबविण्यात आली. २० जुलै २०२३ रोजी बासमतीव्यतिरिक्त पांढऱ्या तांदळावर बंदी आली. ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क बसले. पांढऱ्या तांदळावरील बंदी २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठली. देशातील भाव आवरण्याचा हेतू अयोग्य म्हणता यावयाचा नाही. भूमिहीन मजूर तांदूळ विकतच घेतो. परंतु जुलैचा आदेश निघाला तेव्हा पऱ्हे टाकून झाले होते. शेतकऱ्यास पीक बदलण्याची सोय उरली नव्हती.

या आदेशांत दाण्याच्या अवस्था काटेकोरपणे निरनिराळ्या केलेल्या दिसतात: पांढरा, उकडा, तुटलेला. माणसांच्या अवस्थांना मात्र तेथे नावे नाहीत. अल्पभूधारक, रोवणी करणारी स्त्री, गिरणीतील हमाल आणि निर्यातदार यांचा तोटा सारखा नसतो. व्यापारधोरण सर्वसमावेशक व्हावयाचे असेल, तर निर्णयापूर्वी हंगाम पाहिला पाहिजे आणि या प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे.