एकास तीनशे

अमेरिकेच्या थंड भागात छपराचं काम काढलं की कंत्राटदारापासून तपासनिसापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रमाण असतं : माळ्याच्या दर ३०० चौरस फुटांमागे १ चौरस फूट झरोका. माळा १२०० चौरस फुटांचा असेल तर झरोके ४ चौरस फुटांचे, साधारण निम्मे खाली वळचणीला आणि निम्मे वर आढ्याजवळ. एवढं केलं की छपरावर बर्फाचा बांध धरत नाही, असं सांगतात.

हा बांध धरतो तो घरातल्या उबेमुळे. हीटरची गरम हवा फटींतून माळ्यावर जाते, छपराची फळी तापते आणि वरच्या बर्फाचा तळ वितळू लागतो. वितळलेलं पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली ऊब नाही. तिथे पाणी पुन्हा गोठतं. थरावर थर चढून कडेला बर्फाची वरंब उभी राहते आणि मागून येणारं पाणी तिच्याआड तुंबतं. शिंगल्सचं छप्पर आपल्या कौलांसारखंच, पाणी वरून खाली वाहणार या भरवशावर रचलेलं. तुंबलेलं पाणी उलटं चढलं की शिंगल्सच्या खाली शिरतं, आणि बाहेरच्या भिंतीलगत छतावर तपकिरी डाग उमटतो.

आता गंमत अशी, की एकास तीनशेचा जन्म या बांधासाठी झालाच नाही. १९३०च्या दशकात तिथे घरांच्या भिंतींत इन्सुलेशन भरायला सुरुवात झाली आणि बाहेरचा रंग पोपडे धरून सुटू लागला. इन्सुलेशनच्या घराला आम्ही रंग देणार नाही, असं रंगारी म्हणू लागले. स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ थंड फळीवर दव होऊन बसते, हा तेव्हाचा मुख्य घोर. मॅडिसनच्या वन-उत्पादन प्रयोगशाळेतल्या टीसडेल यांनी १९३७ साली भिंती आणि माळ्यांतल्या दवावर लिहिलं. मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रा. रोली यांनी शीतकक्षात छोटी छोटी घरं उभारून हिम कुठे साठतं ते पाहिलं. त्यांचा अहवाल १९३९चा.

मग जानेवारी १९४२मध्ये गृहकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी संस्थेने, म्हणजे फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने, बांधकामाचे किमान नियम छापले. त्यात हे प्रमाण आलं, तेही कोणत्याही प्रयोगाचा हवाला न देता. पण कर्जाची हमी हवी तर नियम पाळणं आलं. युद्धानंतर घरांचं पेव फुटलं, आणि हा आकडा एका नियमावलीतून दुसरीत उतरत गेला. इलिनॉय विद्यापीठातले विल्यम रोझ यांनी पुढे त्याचा माग काढला, तो या १९४२च्या कागदापाशी येऊन थांबला. सरकारी कागदावर एकदा आकडा छापला की त्याचं गोत्र कोण विचारतो?

बर्फाच्या बांधाचा सरळ हिशेब मांडला गेला तो न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट ड्रम या लष्करी तळावर. तिथल्या इमारतींच्या वळचणींना दर हिवाळ्यात बर्फ लटकत असे. लष्कराच्या हॅनोव्हर इथल्या शीतप्रदेश प्रयोगशाळेतल्या टोबायसन आणि सहकाऱ्यांनी माळ्याचं आणि बाहेरचं तापमान नोंदवलं, पंखे लावून माळे थंड करून पाहिले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातला निष्कर्ष असा : बाहेर २२ अंश फॅरनहाइट (उणे साडेपाच सेल्सिअस) असताना माळा ३० अंशांच्या (सुमारे उणे १) खाली राहील एवढी हवा खेळवा, म्हणजे त्रासदायक बर्फ धरणार नाही. माझ्या मते खरी कसोटी हीच, कारण ती माळ्याचं क्षेत्रफळ न मोजता माळ्याचा ताप मोजते. गळक्या घराला एकास तीनशे पुरणार नाही, आणि नीट बंदिस्त केलेल्या घराला कदाचित तेवढंही लागणार नाही.

नियमावलीत तो आकडा आजही आहे. मूळ प्रमाण एकास दीडशे, आणि झरोक्यांची वरखाली विभागणी वगैरे अटी पाळल्या तर एकास तीनशेची सवलत. शिवाय बर्फाच्या प्रदेशात वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या आत २४ इंचांपर्यंत शिंगल्सखाली जलरोधक पट्टा घालावा लागतो. बांध धरलाच तर पाणी घरात येऊ नये, एवढंच त्याचं काम.

तेव्हा मिनेसोटात किंवा बॉस्टनमध्ये राहणाऱ्यांनो, यंदा वळचणीला जाड सुळके लोंबू लागले तर नवे झरोके पाडण्याआधी माळ्यावर चढा. माळ्याचं झाकण, छतात बसवलेले दिवे, न्हाणीघराचा पंखा, चिमणीच्या कडेची फट : गरम हवा तिथून निसटते. ती आधी बुजवा. मात्र चिमणीजवळ जळणारं काही भरू नका.