गेम खेळताना खात्यातून पैसे कटले? इन-ॲप पर्चेस कसं थांबवायचं आणि रिफंड कसा मागायचा

प्ले स्टोअरवर एखादा गेम उघडा. ‘इन्स्टॉल’ बटणाच्या आसपास बारीक अक्षरात ‘इन-ॲप पर्चेसेस’ असं लिहिलेलं दिसेल. बहुतेक जण ते न वाचताच गेम डाउनलोड करतात. गेम फुकट असतो हे खरं, पण त्याच्या आतलं दुकान फुकट नसतं. त्या दुकानात लहान मुलांच्या हातून नकळत खरेदी होते आणि घरात कळतं तेव्हा खात्यातले पैसे कटलेले असतात.

हे पैसे कुठल्या वाटेने जातात, ती वाट कशी बंद करायची आणि पैसे गेलेच तर पहिल्या ४८ तासांत काय करायचं, ते या लेखात पाहूया.

इन-ॲप पर्चेस म्हणजे नेमकं काय?

गेम सुरू असताना आतल्या आत केलेली खरेदी म्हणजे इन-ॲप पर्चेस. फ्री फायर मॅक्समध्ये डायमंड, बीजीएमआयमध्ये युसी, तर इतर गेममध्ये कॉइन, जेम्स किंवा जास्तीच्या लाइफ विकत मिळतात.

यात एक गंमत लक्षात घ्या. बंदुकीच्या स्किनवर किंमत रुपयांत लिहिलेली नसते, डायमंडमध्ये असते. आधी रुपये देऊन डायमंड घ्यायचे, मग डायमंड देऊन स्किन. या दोन पायऱ्यांमुळे खरे किती रुपये गेले याचा हिशोब मोठ्यांचाही चुकतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला तर गेममध्ये जिंकलेले कॉइन आणि बाबांच्या पैशांनी घेतलेले कॉइन यांतला फरकच कळत नाही. त्याच्यासाठी दोन्ही चमकणारी बटणंच.

ओटीपी आणि पिन असतानाही पैसे कसे जातात?

“ओटीपीशिवाय पैसे जातच नाहीत” असं आपण घरात नेहमी ऐकतो. युपीआयला पिन लागतो आणि कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला साधारणपणे ओटीपी लागतो, हे बरोबरच आहे. पण ही कुलपं बाहेरच्या चोरासाठी आहेत. फोन घरातल्याच मुलाच्या हातात असेल तर ती फारशी कामाला येत नाहीत.

भंडारा जिल्ह्यातलं एखादं घर डोळ्यासमोर आणा. तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, कुठलंही गाव घ्या. घरात चांगला स्मार्टफोन एकच, तो बाबांचा. बँक खातं त्याच नंबरला जोडलेलं आणि युपीआयही त्याच फोनवर. धानाचे चुकारे त्याच खात्यात येतात. त्यातूनच उन्हाळी धानाचं बियाणं, सोसायटीचं कर्ज आणि कॉलेजची फी भागवायची असते. आणि संध्याकाळी तोच फोन लहान भावाकडे गेमसाठी जातो. अशा घरात पैसे या वाटांनी जाऊ शकतात:

- ओटीपी त्याच फोनवर येतो. ज्या स्क्रीनवर गेम सुरू आहे, त्याच स्क्रीनवर वर ओटीपी झळकतो. तो पाहून टाकणं मुलांना अवघड नसतं.
- पिन मुलांना माहीत असतो. किराणा दुकानात “जा, पैसे देऊन ये” असं सांगताना आपणच तो सांगितलेला असतो.
- फिंगरप्रिंट. फोन उघडता यावा म्हणून मुलाचं बोट नोंदवलं असेल, तर प्ले स्टोअरची बोट लावून होणारी खरेदीही त्या बोटाने मंजूर होऊ शकते.
- प्ले बॅलन्स. रिडीम कोड टाकून गुगल प्लेमध्ये जमा केलेले पैसे खर्च करायला बँकेचा ओटीपी लागत नाही.
- सबस्क्रिप्शन. एकदा ऑटोपे मंजूर झालं की पुढचे हप्ते आपोआप कटतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२२ पासून बहुतेक ऑटोपे व्यवहारांना १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी वेगळा ओटीपी लागत नाही.

असं कुठे कुठे झालंय?

हा प्रश्न जुना आहे आणि जगभराचा आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या आठ वर्षांच्या एका मुलीने ‘स्मर्फ्स व्हिलेज’ या गेममध्ये १,४०० डॉलरच्या वस्तू घेतल्याची बातमी गाजली. त्या काळी ॲपलवर एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं तो पुन्हा विचारला जात नसे. पालक एक गोष्ट घेऊन फोन मुलाच्या हातात द्यायचे आणि त्या १५ मिनिटांत बिल वाढत जायचं.

शेवटी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपन्यांना धरलं. २०१४ मध्ये ॲपलने किमान ३.२५ कोटी डॉलर आणि गुगलने किमान १.९ कोटी डॉलर ग्राहकांना परत द्यायचं मान्य केलं. आज पासवर्डच्या सेटिंग दिसतात, त्यामागे अशा तक्रारींचाही मोठा हात आहे.

आपल्या देशातली प्रकरणं थोडी वेगळी आहेत. जुलै २०२० मध्ये पंजाबातल्या खरड इथल्या १७ वर्षांच्या मुलाने पबजीवर आईवडिलांच्या खात्यातले सुमारे १६ लाख रुपये खर्च केल्याची बातमी आली. बँकेचे मेसेज तो डिलीट करत होता, म्हणून घरच्यांना बराच काळ पत्ताच लागला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईतल्या १६ वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातले १० लाख रुपये असेच घालवले. आईवडील रागावले, तेव्हा तो चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला. पोलिसांनी त्याला शोधून घरी सोपवलं.

या दोन्ही प्रकरणांत १० किंवा १६ लाख एका दिवसात गेलेले नाहीत. थोडे थोडे गेले, लपवले गेले आणि आकडा वाढत गेला. पहिल्याच चुकीला कुणी “बाबा, पैसे कटले” असं सांगितलं असतं, तर गोष्ट काही शे रुपयांवर थांबली असती.

पैसे कटू नयेत म्हणून काय करायचं?

घरातलं ‘मोबाइलचं खातं’ बहुतेक तुमच्याकडेच असतं. त्यामुळे बाबांचा फोन घ्या आणि त्यांच्यासमोरच एवढं करून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

१. खरेदीला पासवर्ड लावा. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करा आणि ‘सेटिंग्ज’मध्ये जा. तिथे ‘पर्चेस व्हेरिफिकेशन’ सापडेल. काही फोनवर याचं नाव ‘ऑथेंटिकेशन’ असतं. ‘दर ३० मिनिटांनी’ हा पर्याय नको, ‘प्रत्येक खरेदीसाठी’ हाच निवडा. ही सेटिंग त्या एका फोनपुरतीच असते. घरात दुसरा फोन किंवा टॅब असेल तर तिथेही करा.

२. मुलाचं बोट काढून टाका. फोनच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये कुणाकुणाची बोटं नोंदवली आहेत ते पाहा. गुगलचा पासवर्ड आणि युपीआय पिन दोन्ही बदला.

३. गेमसाठी वेगळं गुगल अकाउंट ठेवा. त्यात कार्ड, युपीआय काहीच जोडू नका. आधीच्या अकाउंटला जोडलेलं कार्ड ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मधून काढता येतं. पण दोन्ही अकाउंट एकाच फोनवर असतील तर प्ले स्टोअरमध्ये गेमचंच अकाउंट निवडलंय ना, हे तपासा.

४. लहान मुलांसाठी फॅमिली लिंक वापरा. गुगलच्या या मोफत ॲपने मुलाचं अकाउंट पालकांच्या अकाउंटला जोडता येतं. मग पालकांच्या परवानगीशिवाय गुगल प्लेवरची खरेदी होणार नाही, अशी सोय करता येते.

५. आयफोन असेल तर ‘स्क्रीन टाइम’मधल्या ‘कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स’मध्ये जाऊन इन-ॲप पर्चेसेस ‘डोंट अलाऊ’ करा.

गेमवर खर्च करायचाच असेल, तर घरच्यांना विचारून ठरावीक रकमेचा गुगल प्ले रिडीम कोड घ्या आणि तो गेमच्या अकाउंटमध्येच टाका. १०० रुपयांचा कोड असेल तर १०० संपले की विषय संपला, बँक खात्याला हात लागत नाही. प्ले स्टोअरमध्ये ‘बजेट’ लावायचीही सोय आहे, पण बजेट फक्त सूचना देतं, खरेदी अडवत नाही.

पैसे गेलेच तर पहिले ४८ तास महत्त्वाचे

१. आधी घरी सांगा. रागावणं होईल, पण घड्याळ सुरू झालेलं असतं. मेसेज किंवा ईमेल डिलीट करू नका, तोच पुरावा आहे.

२. गेम तसाच ठेवा. घेतलेले डायमंड किंवा युसी वापरू नका.

३. ऑर्डर शोधा. गुगल प्लेवरून खरेदी झाली असेल तर जीमेलवर पावती येते. त्यावर ‘जीपीए’ अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो. प्ले स्टोअरच्या ‘बजेट अँड हिस्ट्री’मध्येही सगळ्या खरेदी दिसतात.

४. रिफंड मागा. ब्राउझरमध्ये गुगल प्लेची वेबसाइट उघडा, ज्या अकाउंटवरून खरेदी झाली त्यानेच लॉगिन करा, ऑर्डर हिस्ट्रीत जा आणि ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ निवडा. घरातल्या मुलाकडून परवानगीशिवाय खरेदी झाली, असं खरं खरं लिहा आणि मुलाचं वयही लिहा. ४८ तासांच्या आत मागितलेल्या रिफंडचा विचार गुगल स्वतः करतं. त्यानंतर गुगल सहसा गेम बनवणाऱ्या कंपनीकडे जायला सांगतं. आयफोनवर ॲपलचंही ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ नावाचं वेगळं पान आहे.

५. ऑटोपे बंद करा. प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये आणि युपीआय ॲपच्या ‘ऑटोपे’मध्ये, दोन्हीकडे पाहा.

रिफंड मिळेलच याची हमी नसते. एकदा चुकून झालेल्या खरेदीला सहसा सहानुभूती मिळते, पण तीच चूक वारंवार झाली तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. रिफंड मिळाला की गेममधल्या त्या वस्तूही जाऊ शकतात.

कोणती तक्रार कुठे करायची?

- मुलाने स्वतः खरेदी केली: आधी गुगल किंवा ॲपल.
- कुणी अनोळखी माणसाने फसवलं: ‘फुकट डायमंड’ची लिंक पाठवून ओटीपी घेतला असेल, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसलेला फसवणुकीचा व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर नुकसान ग्राहकावर येत नाही. पण पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच धरलं जातं.
- कंपनी दाद देत नाही: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहकाला गोंधळात पाडून खरेदी करायला लावणाऱ्या १३ प्रकारच्या ‘डार्क पॅटर्न’वर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ‘फक्त २ मिनिटं उरली’ अशी खोटी घाई करणं आणि सबस्क्रिप्शनच्या जाळ्यात अडकवणं हे प्रकार त्यात येतात. तक्रारीत त्यांचा उल्लेख करा आणि स्क्रीनशॉट जोडा.

काही नेहमीचे प्रश्न

गेम अनइन्स्टॉल केला की सबस्क्रिप्शन बंद होतं का?
नाही. ते वेगळं रद्द करावं लागतं, नाहीतर पैसे कटत राहतात.

दुसऱ्या वेबसाइटवरून टॉप-अप केलं तर गुगल रिफंड देईल का?
नाही. ते पैसे गुगलकडे गेलेलेच नसतात. तिथे त्या वेबसाइटचेच नियम लागू होतात.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हे सगळं बंद झालं ना?
नाही. तो कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घालतो. गेममध्ये स्किन किंवा पोशाख विकत घेणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती सुरूच आहे.

हा लेख वाचून दुसरं काही केलं नाही तरी आज रात्री घरातल्या फोनवर ‘पर्चेस व्हेरिफिकेशन’ तेवढं लावा. आणि लहान भावंडांना एक गोष्ट सांगून ठेवा: गेममध्ये पैशाचं काही आलं की बटण दाबायच्या आधी विचारायचं, आणि चुकून दाबलं गेलंच तर लगेच येऊन सांगायचं. सांगितल्यावर पोरगं आधी मार खाणार नाही, एवढी हमी मात्र घरच्या मोठ्यांनी द्यायला हवी.