मासा आजारी की पाणी? फिश टँकमधल्या निदानाचा इतिहास

उन्हाळ्यात बीडमध्ये पाण्याचे टँकर फिरू लागले की दवाखान्यात एक वेगळीच तक्रार येते. स्वतःचं दुखणं सांगून झालं की रुग्ण उठता उठता विचारतो, "डॉक्टर, घरच्या टँकमधले मासे एकेक करून मरतायत. पाण्यात एखादी गोळी टाकू का?" मी माणसांचा डॉक्टर. तरी मी उलट विचारतो, "पाणी कधी बदललं? कुठलं होतं?"

हा प्रश्न सुचायला विज्ञानाला बराच काळ लागला. तो इतिहास आज सांगतो, कारण त्याचा धागा घरातल्या तान्ह्या बाळापर्यंत आणि तुमच्या हातापर्यंत येतो.

आधी निरीक्षण

मराठवाडा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता तेव्हाची गोष्ट. बाराव्या शतकात राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. त्यात माशांच्या जाती, त्यांची राहण्याची ठिकाणं आणि त्यांचं खाद्य यांची माहिती आहे. हेतू गळ टाकून मासे धरण्याचा होता. पण मासा एरवी काय खातो, कसा फिरतो हे माहीत असल्याशिवाय आज त्याचं काय बिघडलंय हे कळत नाही. निदानाची पहिली पायरी तीच.

मग पाणी

1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं आपला प्रयोग मांडला. त्यानं दोन गोल्डफिश आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. पानं कुजून पाणी खराब होऊ लागलं, तेव्हा ती खाणाऱ्या गोगलगाई सोडल्या आणि पाणी सुधारलं. टाकी म्हणजे नुसतं भांडं नाही, तिथे एक समतोल चालू असतो, हे त्यातून दिसलं.

1876 मध्ये फुके या फ्रेंच संशोधकानं माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांमागचा परजीवी वर्णन केला. असा मासा दगडांना अंग घासतो. पण ठिपके नसताना सगळेच मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर काय? त्याचं उत्तर 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्कीच्या कामातून मिळालं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं पुढे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी, नायट्रेट त्यामानानं सौम्य. टाकी घासूनपुसून लख्ख केली, फिल्टर नळाखाली धुतला, की हे जिवाणूच जातात. पाणी स्वच्छ दिसतं आणि मासे गुदमरतात.

मासा आणि बाळ

नायट्राइट रक्तात गेलं की हिमोग्लोबिन बिघडतं. ते ऑक्सिजन वाहून नेत नाही आणि माशाचं रक्त तपकिरी होतं. माणसाच्या बाळातही असंच घडू शकतं. 1945 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी निळसर पडलेल्या तान्ह्या बाळांची नोंद केली. त्यांचं वरचं दूध नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात बनवलं होतं. ते पाणी उकळूनही उपयोग नव्हता, कारण उकळल्यावर नायट्रेट उलट दाट होतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. विहीर किंवा बोअर गोठ्याजवळ, शौचखड्ड्याजवळ किंवा भरपूर खत घातलेल्या शेतात असेल आणि घरात वरच्या दुधावरचं बाळ असेल, तर पाणी तपासून घ्या.

गंमत म्हणजे माशांच्या दुकानात निळ्या औषधाची बाटली मिळते, ते मिथिलीन ब्लू. अशा बाळांना आम्ही शिरेतून देतो ते औषधही तेच. 1876 मध्ये ते कापड रंगवण्यासाठी तयार झालं होतं. दुकानातली बाटली मात्र माणसासाठी कधीही वापरू नका.

तुमच्या हातावरची गाठ

1926 मध्ये अ‍ॅरॉन्सन यांना फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद सापडला. 1950 च्या दशकात स्वीडनमध्ये तोच जंतू पोहण्याच्या तलावात जाणाऱ्यांच्या त्वचेत आढळला आणि 1962 मध्ये घरच्या फिश टँकमुळे झालेला संसर्ग नोंदला गेला. बोटावर खरचटलेलं असताना टाकीत हात घातला, की साधारण दोन ते चार आठवड्यांनी तिथे गाठ येते. ती हळूहळू मनगटाकडे सरकू शकते. हा जंतू 30 अंशांच्या आसपास चांगला वाढतो. 37 अंशांवर ठेवलेल्या नमुन्यात तो सापडत नाही. म्हणून निदान चुकतं, महिनोन्महिने नेहमीच्या गोळ्या चालतात आणि एखाद्या मलमातलं स्टिरॉइड संसर्ग वाढवतं. योग्य औषधं मिळाली तर तो बरा होतो, पण त्याला काही महिने लागतात. अशी गाठ असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. "घरी फिश टँक आहे," हे आपणहून सांगा.

तर टँकरच्या दिवसांत काय करायचं?

- पाणी एकदम सगळं बदलू नका. एका वेळी पाव भाग पुरे.
- ब्लीचिंग पावडर टाकलेलं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच ओता.
- फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळा.
- सगळे मासे एकदम आजारी पडले तर आधी पाण्यावर संशय घ्या. एकच पडला तर त्याला वेगळं ठेवून बघा.
- हाताला जखम असेल तर टाकी साफ करताना हातमोजे घाला.

मासा बोलत नाही, म्हणून त्याच्या पाण्याला विचारावं लागतं. माणूस बोलतो, तरी त्याच्या पाण्याबद्दल विचारायला आम्ही डॉक्टर कधी कधी विसरतो. तेव्हा ते तुम्हीच सांगत चला.