घाट चढून आलेला डबा

आमच्या तेलगावच्या चौकातून एक रस्ता धारूरकडे जातो. थोडं पुढं गेलं की घाट लागतो. घाट चढला की बालाघाटाच्या माथ्यावर धारूरचा किल्ला आणि गाव. आज मोटारीनं आपण हा हा म्हणता वर पोचतो. पण मोटारीला लागणारं तेल पहिल्यांदा अशा घाटावरच्या गावांना कसं पोचलं? उत्तर गमतीचं आहे. ते बैलगाडीनं पोचलं.

पेट्रोलच्या आधी रॉकेल आलं. 'रॉक ऑइल'चं आपल्या जिभेवर रॉकेल झालं. माझी दादी त्याला 'मिट्टी का तेल' म्हणायची. भाषा दोन, अर्थ एकच : जमिनीच्या पोटातलं तेल. १८९२ साली 'म्यूरेक्स' हे जहाज टाक्यांत रॉकेल भरून सुवेझ कालव्यातून पूर्वेकडे आलं. त्याआधी हे तेल बहुतेक डब्यांतूनच समुद्र ओलांडायचं. पत्र्याचा चौकोनी डबा, चार गॅलनचा, म्हणजे साधारण १८ लिटरचा. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. सुरुवातीला पेट्रोलही डब्यांतूनच विकलं जाई. पंप नंतर आले.

निजामाच्या मुलखात मनमाडहून जालना, परभणीवरून हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. दक्षिणेकडून बार्शी लाईट रेल्वे १९११ पर्यंत लातूरला आली. मधला बालाघाट कोरडाच राहिला. खुद्द बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी! तेव्हा स्टेशनपासून पुढं भिस्त बैलांवरच. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतायची, गोदावरी अडवायची. घाटात जास्तीची जोडी जुंपावी लागे. डब्याचा सांधा गळला की नफा वाटेतच सांडायचा.

१९३२ साली निजाम सरकारनं २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. हळूहळू माणसं आणि माल मोटारीत बसले. ज्या गाडीवानानं मोटारीचं तेल वाहिलं, त्याचंच भाडं मोटारीनं नेलं. इतिहासात राजांची नावं आहेत, बसगाड्यांचा आकडाही आहे. गाडीवानाचं नाव मात्र कुठं नाही.

डबा तेवढा उरला. रिकामा झाला की त्यात पाणी, धान्य, पीठ. पत्रा कापून झोपडीला छप्पर. आमच्या घरी दादीच्या ज्वारीचा डबा तसलाच होता. कितीही घासला तरी त्याचा वास जात नसे.

आता चक्र उलटं फिरलं आहे. २०२५ पासून देशातल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं जातं. त्यातलं काही उसाचं. तो ऊस तोडायला आमच्या बीड जिल्ह्यातली माणसं दर दिवाळीनंतर घरदार सोडून निघतात, कित्येक जण अजून बैलगाडी घेऊनच. म्हणजे मोटारीच्या तेलाचा भार आजही बैलाच्या खांद्यावर आहे. निदान या खेपेला तरी गाडीवानाचं नाव कुणीतरी लिहून ठेवावं.