‘कंटाळवाण्या’ रेणूची चाळीस वर्षं

गेल्या वेळी आपण प्रथिनांविषयी बोललो. वीस प्रकारची अमिनो आम्लं, त्यांची माळ, त्या माळेची घडी. आज न्यूक्लिक आम्लांकडे वळायचं आहे, म्हणजे मुख्यतः डीएनएकडे. मी रसायनशास्त्राचा माणूस नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे हा विषय मी माझ्या सोयीने, इतिहासाच्या वाटेने सांगणार आहे. आणि त्या इतिहासातही मला सगळ्यात जास्त रस आहे तो एका चुकीत.

आधी माझी स्वतःची एक चूक सांगून टाकतो. विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवताना मी कित्येक वर्षं वर्गात बिनदिक्कत सांगत असे की डीएनएचा शोध १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी लावला. एकदा स्टाफरूममध्ये चहा पिताना प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने हे ऐकलं आणि शांतपणे म्हणाला, “सर, शोध १८६९ चा आहे. तुम्ही चौऱ्याऐंशी वर्षं गाळलीत.” मी ओशाळलो. पण मग प्रश्न पडला, की पदार्थ १८६९ पासून हातात होता, तर या चौऱ्याऐंशी वर्षांत लोक करत काय होते? त्यातली चाळीसेक वर्षं ते एका गैरसमजात अडकले होते. आजची गोष्ट त्या चाळीस वर्षांची.

सुरुवात जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावात. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात तेव्हा प्रयोगशाळा थाटलेली होती. फ्रीडरिश मीशर हा पंचविशीतला स्विस तरुण तिथे काम करायचा. वैद्यकी शिकलेला, पण आजारपणामुळे ऐकू कमी यायचं, म्हणून रोगी तपासण्यापेक्षा प्रयोगशाळा बरी असं त्याने ठरवलं. त्याला पेशींच्या आतलं रसायन पाहायचं होतं. पेशी आणायच्या कुठून? जवळच्या शस्त्रक्रियेच्या दवाखान्यातून पुवाने भरलेल्या पट्ट्या येत. पू म्हणजे पांढऱ्या पेशींचा ढीगच. त्या पट्ट्या धुऊन तो पेशी गोळा करायचा. नाक मुरडू नका, विज्ञानात असं बरंच काही धुवावं लागतं.

त्या पेशींवर त्याने डुकराच्या जठरातून काढलेला पाचक रस सोडला. प्रथिनं त्यात विरघळून जातात. पण पेशीच्या केंद्रकातलं काहीतरी विरघळेना. त्यात फॉस्फरस भरपूर, आणि प्रथिनांत असतो तसा गंधक नाही. म्हणजे हे प्रथिन नव्हे. केंद्रकातलं म्हणून त्याने त्याला ‘न्यूक्लीन’ नाव दिलं. त्याचे गुरू हॉप-झायलर यांचा इतका अविश्वास, की त्यांनी सगळे प्रयोग स्वतः पुन्हा केले आणि मगच १८७१ मध्ये निबंध छापला.

मीशर पुढे बाझेलला गेला. तिथे ऱ्हाईन नदीत सॅमन मासे मुबलक. नराच्या शुक्रपेशीत केंद्रकाखेरीज जवळजवळ काही नसतं, म्हणजे न्यूक्लीन काढायला याहून चांगलं साहित्य नाही. फक्त थंडी हवी, नाहीतर माल बिघडतो. म्हणून हा माणूस हिवाळ्यात पहाटे उठून खिडक्या उघड्या टाकून काम करायचा. पुढे क्षयाने गेला, वय अवघं एक्कावन्न.

त्याच्या एका पत्राशी मी नेहमी अडखळतो. १८९२ मध्ये मामाला लिहिताना त्याने आनुवंशिकतेवर विचार केला आहे. त्याचा आशय असा, की मोठ्या रेणूत काही थोडे भाग वेगवेगळ्या मांडणीने बसले तर अमाप वैविध्य निर्माण होऊ शकतं, जशी वर्णमालेतल्या चोवीस-तीस अक्षरांतून सगळ्या भाषांतले शब्द बनतात. अक्षरांची उपमा, १८९२ साली! पण हे तो म्हणत होता प्रथिनांसारख्या रेणूंबद्दल. स्वतः शोधलेल्या, समोर काचेच्या नळीत ठेवलेल्या न्यूक्लीनला त्याने ही उपमा लावली नाही.

आता रसायन थोडं समजून घेऊ, फार नाही. न्यूक्लीनचे तुकडे पाडायचं काम आल्ब्रेख्ट कोसेल यांनी केलं, त्यांना १९१० चं नोबेल मिळालं. त्यात चार नायट्रोजनयुक्त घटक सापडतात, त्यांना ‘बेस’ म्हणायचं: अ‍ॅडेनीन, ग्वानीन, सायटोसीन आणि थायमीन. शिवाय एक साखर आणि फॉस्फेट. हे सगळं एकमेकांना जोडलेलं कसं असतं? ते शोधून काढलं फीबस लेव्हीन या रशियात जन्मलेल्या, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाने. फॉस्फेट, साखर आणि बेस मिळून एक मणी, ‘न्यूक्लिओटाइड’ हा शब्दही त्याचाच. डीएनएतली साखर ही डीऑक्सिरायबोज आहे, हे त्याने १९२९ मध्ये दाखवलं. मंडळी, हे लक्षात ठेवा, कारण आता मी त्याच माणसाच्या चुकीबद्दल बोलणार आहे. त्याने बरोबर सांगितलेल्या गोष्टी आजही पहिल्या वर्षाच्या पुस्तकात जशाच्या तशा आहेत.

चूक अशी. न्यूक्लिक आम्ल फोडून चारही घटक मोजले तर ते साधारण सारखे भरत. म्हणजे प्रत्येकी पाव हिस्सा. यावरून १९१० च्या आसपास लेव्हीनने मांडलं की चार मणी, चार बेस, प्रत्येकी एक, असा हा चौकडीचा छोटा रेणू आहे. ‘टेट्रान्यूक्लिओटाइड’ सिद्धान्त म्हणतात तो हाच.

यात इतकं बिघडलं कुठे, तर इथे पाहा. क, म, ल, र ही चार अक्षरं घ्या. क्रम मोकळा असेल तर कमल होतं, कलम होतं, रकम, कमर, मकर होतं. पण कोणी ठरवलं की ही अक्षरं कायम ‘कमलर कमलर कमलर’ अशीच येणार, तर वहीभर लिहा, त्यातून काय सांगता येईल? काहीच नाही. आकड्यांतही बघा. दहा मण्यांची माळ, प्रत्येक जागी चारांपैकी कोणताही मणी, तर १०,४८,५७६ वेगवेगळ्या माळा होतात. क्रम ठरलेला असेल तर एकच. आनुवंशिकतेचा एवढा पसारा ज्याला सांभाळायचा आहे, तो पदार्थ असा मुका कसा असेल? गुणसूत्रात डीएनए आणि प्रथिनं दोन्ही असतात, आणि प्रथिनांकडे तर वीस अक्षरं. तेव्हा जनुकं प्रथिनांचीच, डीएनए म्हणजे नुसता आधाराचा सांगाडा, असं बहुतेकांनी धरून टाकलं. युक्तिवादात खोट नव्हती हो. आधारवाक्यात होती. तर्कशास्त्र शिकवताना मी हे उदाहरण फार वापरलं.

आणि आधारवाक्य डळमळीत झालं तरी ते कसं टिकवलं जातं, तेही पाहण्यासारखं आहे. १९३८ मध्ये झिग्नर, कास्परसन आणि हॅमरस्टेन यांनी काळजीपूर्वक, रेणू न तोडता काढलेला डीएनए मोजला. त्याचा रेणूभार निघाला पाच ते दहा लाख. चार मण्यांच्या चौकडीचा भार साधारण तेराशे. म्हणजे छोटा रेणू ही कल्पना संपली. पण सिद्धान्त मेला का? नाही. लोक म्हणाले, ठीक आहे, रेणू लांबलचक आहे, पण तीच चौकडी पुन्हा पुन्हा येते! मूळ कल्पनेतला एक भाग सोडून दिला आणि जो भाग खरा घातक होता, तो एकसुरीपणाचा, तोच जपून ठेवला.

त्याच रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात ऑस्वल्ड एव्हरी हे डॉक्टर न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करत होते. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये एक विचित्र गोष्ट दाखवली होती. उष्णतेने मारलेले घातक जंतू आणि जिवंत पण निरुपद्रवी जंतू एकत्र करून उंदराला टोचले, तर उंदीर मरतो आणि त्याच्या अंगात जिवंत घातक जंतू सापडतात. मेलेल्यांकडून जिवंतांकडे काहीतरी गेलं, आणि ते पुढच्या पिढ्यांतही उतरलं. काय गेलं? एव्हरींचा आधी यावर विश्वासच नव्हता. पण मग त्यांनी आणि मॅकलिओड, मॅकार्टी या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं तो पदार्थ शुद्ध करत नेला. प्रथिनं फोडणारी विकरं घातली, परिणाम तसाच. आरएनए फोडणारं घातलं, तसाच. डीएनए नष्ट करणारं घातलं, आणि परिणाम नाहीसा. साठ कोटींत एक भाग इतक्या पातळ द्रावणातही तो पदार्थ काम करत होता.

हा निबंध फेब्रुवारी १९४४ मध्ये छापून आला. एव्हरी तेव्हा सहासष्ट वर्षांचे. निबंधाची भाषा इतकी सावध, की ‘जनुक डीएनएचं असतं’ असं स्पष्ट विधान त्यात नाही. पण भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी जनुकाची शक्यता बोलून दाखवली होती. एवढ्या पुराव्यावर आक्षेप काय आला? त्याच संस्थेतले आल्फ्रेड मर्स्की म्हणाले, तुमच्या नमुन्यात एखादा टक्का प्रथिन उरलेलं असू शकतं, आणि खरं काम तेच करत असेल. आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता. पण गंमत बघा: समोर ९९ टक्के डीएनए आहे, आणि श्रेय मात्र न दिसणाऱ्या एका टक्क्याला. हे का पटायचं? कारण डीएनए मुका असतो हे सगळ्यांना ‘माहीत’ होतं.

तो निबंध वाचून एका माणसाने मात्र हातातलं काम बाजूला ठेवलं. एर्विन शारगाफ, चेर्नोव्हित्सला जन्मलेले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठात. त्यांनी साधा विचार केला. डीएनए जर खरोखर वारसा वाहून नेत असेल, तर वेगवेगळ्या प्राण्यांचा डीएनए वेगवेगळा असला पाहिजे. मग बेस पुन्हा मोजू, नीट मोजू. त्यासाठी साधन नुकतंच आलं होतं, कागदी क्रोमॅटोग्राफी. लहानपणी टीपकागदावर शाईचा थेंब टाकून तो ओला केला की रंग वेगवेगळे पसरतात, हे तुम्ही केलं असेल. तत्त्व तेच. चार बेस कागदावर वेगळे करायचे आणि प्रत्येक किती आहे ते अतिनील प्रकाश किती शोषला जातो त्यावरून ठरवायचं. अगदी थोड्या नमुन्यावर भागतं.

निकाल काय? माणसात अ‍ॅडेनीन आणि थायमीन प्रत्येकी सुमारे ३० टक्के, ग्वानीन आणि सायटोसीन प्रत्येकी सुमारे २०. क्षयाच्या जंतूंत चित्र उलटं, तिथे ग्वानीन आणि सायटोसीन मिळून जवळजवळ दोन तृतीयांश. कुठे आहे पाव-पाव हिस्सा? चौकडी संपली. आणि जाता जाता आणखी एक गोष्ट हाती लागली: प्राणी कोणताही असो, अ‍ॅडेनीन थायमीनएवढंच आणि ग्वानीन सायटोसीनएवढंच. १९५० मध्ये त्यांनी हे छापलं. याच जोड्या पुढे वॉटसन-क्रिकच्या दुहेरी शिडीच्या पायऱ्या झाल्या.

आता लेव्हीनकडे परत येतो, कारण पूर्वी मी त्याला खलनायक करून शिकवत असे आणि ते अन्यायाचं होतं. त्या काळी न्यूक्लिक आम्लाचा मुख्य स्रोत कोणता? यीस्ट आणि वासराची थायमस ग्रंथी. वासराच्या डीएनएत प्रमाण आहे साधारण २९, २९, २१, २१. आता जुन्या पद्धतीने ग्रॅम-ग्रॅम पदार्थ आम्लात उकळायचा, स्फटिक काढून वजन करायचं, त्यात बराच माल वाया जायचा. अशा मोजणीत २९ आणि २१ हे दोन्ही ‘पंचवीसच, थोडी चूक धरून’ असेच दिसणार. क्षयाच्या जंतूंनी सुरुवात केली असती तर फरक डोळ्यांत भरला असता. म्हणजे हा नुसता आळस नव्हता. उपलब्ध नमुना, उपलब्ध तराजू, आणि सुंदर, सोपं उत्तर, हे तिन्ही एका दिशेला झुकलेले होते. मला दोष द्यायचाच असेल तर मी तो १९३८ नंतर देईन. रेणू चारशेपट मोठा निघाल्यावर तरी बेस पुन्हा मोजायला हवे होते. लेव्हीन स्वतः १९४० मध्ये वारला. त्याच्यामागे मोजायला कितीतरी लोक होते.

एव्हरी १९४८ मध्ये नॅशव्हिलला भावाजवळ राहायला गेले आणि १९५५ मध्ये वारले, नोबेलशिवाय. दुहेरी शिडी त्यांच्या हयातीतच जाहीर झाली होती. शारगाफनाही नोबेल नाही, आणि त्याची सल त्यांनी लपवली नाही. ट्युबिंगेनच्या किल्ल्यात मात्र मीशरची एक छोटी काचनळी अजून ठेवलेली आहे. सॅमनच्या शुक्रपेशींतलं न्यूक्लीन, वर त्याचं नाव लिहिलेलं. पुढच्या वेळी आपण त्या जोड्यांकडे, म्हणजे अ‍ॅडेनीन थायमीनलाच का धरतं, याकडे जाऊ. त्याआधी प्रश्न असतील तर विचारा, चहाला अजून दहा मिनिटं आहेत.