थर आकड्यांचे



विहीर खणू लागले म्हणजे काळी माती, मुरूम, खडक असे थर उघडे पडतात. आकड्यांचेही असेच थर मांडता येतात. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख प्रसिद्ध केले. दोन रेषांमधील जागा रंगवून आयात-निर्यातीतील अंतर त्याने डोळ्यांना दाखविले. थरांचा आलेख हे त्याच कल्पनेचे पुढचे रूप होय.

आज जनगणनेची कोष्टके संगणकात असतात. वर्ष कोणते, विभाग कोणता, माणसे किती, असे विचारले की उत्तर ओळींनी येते. प्रत्येक वर्षी एका विभागाच्या आकड्यावर दुसऱ्याचा आकडा रचावयाचा, वरच्या कडा जोडावयाच्या आणि पट्टे रंगवावयाचे. सर्वांत वरची कड म्हणजे एकूण बेरीज.

परंतु हे चित्र वाचताना सावध असावे. भारतात १९५१ साली खेड्यांत २९.९ कोटी व शहरांत ६.२ कोटी लोक होते. २०११ साली ८३.३ कोटी व ३७.७ कोटी. शेकडेवारीचे थर रचले तर खेड्यांचा वाटा ८३ वरून ६९ वर उतरतो, आणि खेडी ओस पडली असे वाटते. प्रत्यक्ष संख्येचे थर रचले तर खेड्यांचा पट्टा पावणेतीन पटींहून अधिक रुंदावतो. पहिलेच चित्र पाहून कोणी खेड्यातील शाळा कमी करू लागला, तर तो अन्यायच ठरेल.

दुसरा धोका नावांचा. १९५१ च्या मध्य प्रदेशात नागपूर होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. लोधीखेडा मात्र मध्य प्रदेशातच राहिले. १९६१ च्या कोष्टकात नाव तेच, मुलूख निराळा. पुढे २०२३ साली सौंसर व पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला. आता छिंदवाड्याचा पट्टा एकाएकी अरुंद दिसला, तर तेथे रोगराई आली असे कोणी समजू नये. सीमारेषा तेवढी सरकली. म्हणून जुने आकडे आधी आजच्या सीमांत बसवून घ्यावेत, मगच थर रचावेत.

तिसरी गोष्ट रिकाम्या जागेची. १९८१ साली आसामात आणि १९९१ साली जम्मू-काश्मीरात जनगणना झाली नाही. त्या वर्षाची ओळच उत्तरात आली नाही व तेथे शून्य धरले, तर आलेखात एक सबंध प्रांत क्षणभर निर्मनुष्य होतो, आणि त्याच्यावर रचलेले सारे थरही खाली कोसळतात. नोंद नसणे म्हणजे माणूस नसणे नव्हे. अशा ठिकाणी अंदाजाचा आकडा घ्यावा व तो अंदाज आहे असे स्पष्ट लिहावे.

उलट, १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या २५.२ कोटींवरून २५.१ कोटींवर आली, ती घट खरी होती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने घरेच्या घरे रिकामी केली होती. आलेखातील एक उतार सीमेचा, दुसरा मृत्यूचा; रंग दोन्हींना सारखाच. त्यांतील भेद ओळखावयाचा तर त्या वर्षांचा इतिहासच वाचावा लागतो.